अपघातानंतर ‘ड्रायव्हर बदलला’? विमा कंपनीने भरलेले पैसे मालकाच्या सातबाऱ्यावर येऊ शकतात

समजा, बाजाराचा दिवस आहे. रात्री आठच्या सुमारास तुमची पिकअप गावाकडे परत येत होती. वळणावर मोटारसायकलला धडक बसली. मोटारसायकल चालवणारा जागेवरच गेला, मागे बसलेला जखमी झाला. पिकअप तुमचा वीस वर्षांचा पुतण्या चालवत होता आणि त्याच्याकडे लायसन्स नाही.

पोलीस यायच्या आत चार जाणती माणसं जमतात. कुणीतरी सल्ला देतं, “लायसन्सवाल्याचं नाव सांगा, नाहीतर विमा मिळायचा नाही.” शेजारचा एक जण तयार होतो. पोलिसांत त्याचं नाव लागतं. सगळ्यांना वाटतं, प्रकरण मिटलं.

पण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात केस उभी राहते, तेव्हा मागे बसलेला जखमी साक्षीला येतो आणि सांगतो, “गाडी पोरगा चालवत होता.” कंपनीचा वकील शेजाऱ्याची उलटतपासणी घेतो. त्या रात्री तो कुठे होता, मोबाईल कुठे होता, गाडीत माल काय होता, हे त्याला धड सांगता येत नाही. निकाल लागतो: मयताच्या घरच्यांना विमा कंपनीने पैसे द्यावेत आणि नंतर ते गाडीमालकाकडून वसूल करावेत. पुढे काही वर्षांनी तहसीलमधून नोटीस येते, तेव्हा कळतं की प्रकरण मिटलंच नव्हतं.

हे उदाहरण आम्ही समजावण्यासाठी रचलं आहे. पण ‘ड्रायव्हर बदला, गाडी बदला’ हा सल्ला आपल्याकडे चौकाचौकात मिळतो. त्याची किंमत सल्ला देणारा भरत नाही, ज्याच्या नावावर गाडी आहे तो भरतो. म्हणून हा विषय सोप्या भाषेत समजून घेऊ.

‘आधी भरा, मग वसूल करा’ म्हणजे काय?

रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ मध्ये तसं लिहिलं आहे. हा विमा मालकाच्या सोयीपेक्षा रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसासाठी आहे. ज्याला धडक बसली त्याला किंवा त्याच्या घरच्यांना भरपाई मिळावी, हा त्याचा हेतू आहे.

मालकाने पॉलिसीची अट मोडली तर काय? उदाहरणार्थ, ड्रायव्हरकडे लायसन्स नाही, तो दारू प्यायलेला आहे, किंवा पॉलिसी काढताना खोटी माहिती दिली आहे. अशा वेळी कंपनीला बचाव घेता येतो. पूर्वी ही तरतूद कलम १४९ मध्ये होती. १ एप्रिल २०२२ पासून ती कलम १५० मध्ये आहे.

पण मालकाच्या चुकीची शिक्षा मयताच्या बायकापोरांना का? म्हणून न्यायालयांनी मधला मार्ग काढला. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २००४ मध्ये नॅशनल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध स्वरणसिंग या खटल्यात तो स्पष्ट केला. लायसन्स नव्हतं किंवा बनावट होतं, तरी कंपनीने आधी पीडिताला पैसे द्यायचे. मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने अट मोडली हे कंपनीने सिद्ध केलं, तर ते पैसे मालकाकडून वसूल करायचे.

याचा सरळ अर्थ असा की चौकातला सल्ला मुळातच चुकीचा आहे. लायसन्स नाही म्हणून धडक बसलेल्या माणसाची भरपाई आपोआप बुडत नाही. खोटं बोलून त्याचं भलं होत नाही. उलट साक्षी जुळत नाहीत म्हणून त्याचा दावा लांबतो आणि कधी कधी पडतोही.

कोणतं खोटं सर्वात महागात पडतं?

१) ड्रायव्हर बदलणे. हे सर्वात जास्त चालतं. यात खऱ्या ड्रायव्हरला वाचवायला जाऊन दुसरा एक माणूस फौजदारी खटल्यात अडकतो. चालवणारा अल्पवयीन असेल तर कलम १९९अ प्रमाणे पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. म्हणून तर लोक बदल करतात. पण खोटं उघडं पडलं की मूळ गुन्हा तसाच राहतो आणि वर दुसरा चढतो.

यात एक गंमत अशी की कित्येकदा ड्रायव्हर बदलायची गरजच नसते. पिवळ्या नंबरप्लेटच्या छोट्या टेम्पोला वेगळा ‘ट्रान्सपोर्ट’ शिक्का लागतो, असं समजून लोक खोटं बोलतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की मालासह एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते. (ई-रिक्षा आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांना हे लागू नाही.) गाडीचं एकूण वजन आरसीवर छापलेलं असतं, ते बघा.

२) गाडी ‘लावणे’. धडक देणारी गाडी पळून गेली, किंवा तिचा विमा नव्हता, म्हणून ओळखीच्याची विमा असलेली गाडी दाखवायची. किंवा माणूस स्वतः घसरून पडला आणि कागदावर दुसऱ्या गाडीने उडवलं असं लिहायचं. हा सरळ बनावट दावा आहे. ‘दोस्तीत गाडी दिली’ म्हणणारा मालकही आरोपी होतो.

३) ट्रॉलीतली माणसं. मालवाहू गाडीत किंवा ट्रॉलीत वऱ्हाड, यात्रेकरू, प्रवासी बसवले आणि गाडी उलटली. मालवाहू गाडीत नुसते बसून जाणारे प्रवासी सक्तीच्या विम्यात येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये स्पष्ट केलं आहे. मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मात्र विम्यात येतो. म्हणून वीस जखमींपैकी वीसही जण ‘आम्ही आमच्या कांद्याच्या गोण्यांसोबत होतो’ असं सांगतात. पंचनाम्यात गोणी एकही नसते. अशा प्रकरणात कंपनी पूर्ण सुटू शकते आणि सगळी भरपाई थेट मालकावर येते.

४) पॉलिसीची तारीख आणि वापर. दुपारी अपघात, संध्याकाळी ऑनलाइन पॉलिसी. पॉलिसीवर तारखेबरोबर तास आणि मिनिटंही छापलेली असतात, त्यामुळे हे लपत नाही. शेतीकामासाठी विमा काढलेला ट्रॅक्टर भाड्याने वाळू-विटा ओढत असेल, तर तोही कंपनीच्या बचावाचा मुद्दा होतो.

५) दवाखान्यात एक, पोलिसांत दुसरं. हे खोटं बहुतेक वेळा भीतीपोटी बोललं जातं. पोलीस केस नको म्हणून नातेवाईक डॉक्टरांना सांगतात, ‘घसरून पडला’. डॉक्टर तसंच केसपेपरवर लिहितात. आठ दिवसांनी फिर्याद होते, ‘कारने उडवलं’. अपघात खरा असतो, कारही खरी असते, पण कंपनीच्या वकिलाला पहिला केसपेपर पुरेसा असतो. खरे दावे अशानेच अडकतात.

खोटं उघडं कसं पडतं?

पूर्वी सगळं कागदावर चालायचं. आता तसं नाही. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांच्या आत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा असतो. सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यायचा असतो. जागेचे फोटो, ठिकाण, गाडीचा नंबर ऑनलाइन चढतो. लायसन्स आणि आरसी आरटीओच्या संगणकावर तपासता येतं.

शिवाय कंपनीचा तपासनीस गावात येतो. चहाच्या टपरीवर बसतो, पेट्रोल पंपाचा कॅमेरा बघतो, टोलची नोंद काढतो, गाडीला धडकेची खूण कुठे आहे ते मोजतो. मोटारसायकलची डावी बाजू चेपलेली आणि जबाबात ‘उजवीकडून ठोकलं’ असेल, तर प्रश्न तिथूनच सुरू होतात.

वसुली होते कशी?

पहिली गोष्ट, कंपनीला यासाठी नवा दावा लावावा लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितलं आहे की त्याच निवाड्याच्या आधारे अंमलबजावणीची दरखास्त करता येते. मालकाला नोटीस निघते, तारण मागितलं जातं, गाडी जप्तही होऊ शकते.

दुसरी गोष्ट, कलम १७४ प्रमाणे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना वसुलीचा दाखला पाठवू शकतं. मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर तहसीलची नोटीस, सातबाऱ्यावर बोजा आणि शेवटी जप्ती. बोजा चढला की पीक कर्जापासून वाटणीपर्यंत सगळं अडतं.

रक्कम किती होते याचा अंदाज घ्या. भरपाई १२ लाख ठरली, व्याज साडेसात टक्के आणि निकालाला पाच वर्षं लागली असं धरा. व्याजच साडेचार लाख होतं आणि एकूण साडेसोळा लाख. हे फक्त उदाहरण आहे. व्याजाचा दर न्यायाधिकरण ठरवतं. पण केस लांबवली की फायदा होतो हा समज किती खोटा आहे, हे यावरून दिसतं.

तिसरी गोष्ट, गाडी विकली पण नाव बदललं नाही, तर? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानुसार आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक धरला जातो. म्हणजे तीन हात बदललेल्या गाडीची वसुली पहिल्या माणसाच्या दारात येऊ शकते. नुसत्या स्टॅम्प पेपरवर गाडी विकू नका. नाव बदलल्याची खात्री करा.

जखमीकडून किंवा वारसाकडूनही पैसे परत जातात का?

होय. दावाच बनावट असेल तर जातात. न्यायाधिकरणाने निवाडा दिल्यानंतर फसवणूक उघड झाली, तर तो निवाडा परत मागे घेता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये सांगितलं आहे. कारण फसवणुकीने मिळवलेल्या हुकमाला कायद्यात आधार नाही. निवाडा रद्द झाला की उचललेले पैसे परत करण्याचा आदेश होऊ शकतो. बँकेत मुदत ठेवीत ठेवलेले पैसेही अडकतात.

याशिवाय फौजदारी गुन्हा वेगळा. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे. न्यायालयात खोटी साक्ष दिल्यास कलम २२९ प्रमाणे सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. न्यायालयात खोटा दावा करणं हा कलम २४६ खाली गुन्हा आहे.

उत्तर प्रदेशात अशा बनावट दाव्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१५ मध्ये विशेष तपास पथक नेमावं लागलं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणांत गुंतलेल्या वकिलांवर कारवाई का होत नाही, म्हणून तिथल्या बार कौन्सिललाही झापलं. त्यामुळे ‘माझी ओळख आहे, निम्मे तुमचे निम्मे माझे’ म्हणणाऱ्या दलालापासून लांब राहा. अंगठा आणि सही तुमची असते. दलालाचं नाव कागदावर कुठेच नसतं.

चूक झाली असेल तर सुधारता येते का?

घाबरून चुकीचं सांगितलं गेलं, हे समजण्यासारखं आहे. डोक्याला मार लागलेल्याला गाडीचा नंबर आठवत नाही. बाईचा नवरा आयसीयूत असताना तिने काय सांगितलं ते तिलाच माहीत नसतं. चूक आणि खोटं यात फरक आहे. पण तो फरक लवकर दाखवावा लागतो.

– पोलीस ठाण्यात जाऊन पुरवणी जबाब द्या. आधी काय सांगितलं, खरं काय आणि चूक का झाली, हे तिन्ही लिहून द्या. अर्जाची पोच घ्या.
– दवाखान्याच्या केसपेपरवर चुकीची हकीकत असेल, तर कागद खाडाखोड करून बदलू नका. तो वेगळा गुन्हा होईल. हकीकत कुणी सांगितली आणि का, हे साक्षीत स्पष्ट करा.
– दावा दाखल झाला असेल तर वकिलाला खरं सांगा आणि अर्जात दुरुस्ती मागा.
– साक्षीदाराला पाठांतर करायला लावू नका. ‘आठवत नाही’ हे उत्तर खोट्या उत्तरापेक्षा कधीही बरं.

वसुलीची नोटीस आली तर काय करायचं?

नोटीस घ्यायला नकार देऊ नका. घेतली नाही म्हणून ती रद्द होत नाही.

१) निवाड्याची नक्कल काढा. मालकाकडून वसूल करण्याची परवानगी त्यात खरंच दिली आहे का, ते वकिलाकडून वाचून घ्या.

२) तुम्हाला समन्सच मिळालं नव्हतं आणि निकाल एकतर्फी झाला असेल, तर कळल्याबरोबर तो रद्द करण्यासाठी अर्ज करा. इथे दिवस मोजले जातात.

३) निवाड्यावर उच्च न्यायालयात अपील करायला ९० दिवस असतात. पैसे भरायचे असलेल्याला अपिलासाठी २५,००० रुपये किंवा रकमेच्या निम्मे, यापैकी जे कमी असेल ते जमा करावं लागतं.

४) ड्रायव्हर ठेवताना तुम्ही लायसन्स बघितलं होतं, तो गाडी नीट चालवत होता आणि लायसन्स बनावट निघालं, तर तुमची बाजू मजबूत आहे. मालकाने आरटीओत जाऊन प्रत्येक लायसन्सची चौकशी करावी अशी अपेक्षा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येही सांगितलं आहे. म्हणूनच ड्रायव्हर ठेवताना लायसन्सचा फोटो तारखेसह मोबाईलमध्ये ठेवा.

५) रक्कम खरोखर देणं लागत असेल, तर हप्ते मागा किंवा लोकअदालतीत तडजोडीचा प्रयत्न करा. या काळात जमीन घाईने बायकोच्या किंवा भावाच्या नावावर करू नका. वसुली चुकवण्यासाठी केलेलं खरेदीखत किंवा बक्षीसपत्रही न्यायालयात टिकत नाही.

खोटं न बोलता काय काय मिळू शकतं?

खोट्या दाव्यामागे बऱ्याचदा लबाडीपेक्षा गरज असते. घरचा कर्ता गेला, आता काय? पण कायद्याने मिळणारे मार्ग आधी बघा.

– गाडी पळून गेली आणि सापडली नाही: मृत्यू झाल्यास दोन लाख, गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये. अर्ज तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसीलदारांकडे. यासाठी कुणाची गाडी ‘लावायची’ गरज नाही.
– चूक कुणाची हे सिद्ध न करता: कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख, गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख.
– स्वतःच्या गाडीवरून पडून मालकाचा मृत्यू: पॉलिसीत मालक-चालकासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कवच घेतलेलं आहे का, ते बघा. त्यासाठी लायसन्स वैध हवं.
– बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात का? मग प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे दोन लाख मिळू शकतात.
– शेतकरी कुटुंब: गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूसाठी दोन लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत करायचा असतो.
– उपचार: २०२५ च्या केंद्रीय योजनेत नोंदणी असलेल्या रुग्णालयात अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार.

भरपाईचा मुख्य दावा तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणातही लावता येतो. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत लावा, थांबू नका. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे नागरिक, अपंग आणि कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो.

आता पुन्हा त्या वळणावर या. पुतण्याचं नाव खरं सांगितलं असतं तर? त्याच्यावर गुन्हा झाला असता, मालकावर वसुलीही आली असती. ते टळलं नसतं. पण शेजारी खोट्या साक्षीत अडकला नसता, मयताच्या घरच्यांचे पैसे रखडले नसते आणि लोकअदालतीत पहिल्याच वर्षी तडजोडीला जागा राहिली असती. व्याज वाचलं असतं.

अपघाताच्या रात्री डोकं चालत नाही, म्हणून आजच तीन गोष्टी करा. पॉलिसीची मुदत बघा, आरसी कुणाच्या नावावर आहे ते बघा आणि लायसन्स नसलेल्याच्या हातून चावी काढून घ्या. हा लेख ज्यांच्याकडे पिकअप, टेम्पो किंवा ट्रॅक्टर आहे त्यांना नक्की पाठवा.